वेसाव्यात बोंबलाशी समेट

नागपूरहून मुंबईला लोक कामासाठी जातात, मुलांकडे जातात, फार तर समुद्र बघायला जातात. मी गेल्या डिसेंबरात तिथे एक मासा खायला गेलो होतो. तोही आवडतो म्हणून नव्हे, आवडत नाही म्हणून. जे वेसाव्याला कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जे गेलेले आहेत ते मला हसतील, तर खुशाल हसोत.

माझा धंदा मेंदूचा. जीव एखादी गोष्ट शिकतो म्हणजे त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं, हे उंदरांना विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग कुणाला तरी वाटलं, ज्याला उंदीर सांभाळता येतात त्याला विभागही सांभाळता येईल. विभाग सांभाळला, तर विद्यापीठ का नाही? असं करत करत मी कुलगुरू झालो. उंदीर आणि अधिसभा यांत उंदीर बरे, एवढंच सांगतो. ते ठराव मांडत नाहीत.

खुर्चीत बसलो त्या आठवड्यात मी माझ्या प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. वाटलं होतं, अधूनमधून जाऊ. कसलं जाणं! शाली आणि नारळ घेण्यातच दिवस संपायचा. आता मेअखेरीस माझी मुदत संपते आहे आणि निवृत्तीही तिच्या पाठोपाठ उभी आहे. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती, त्यांचा डोळा नेमका माझ्या खोलीवर होता, आणि तशी फाईल सहीसाठी माझ्याच टेबलावर येऊन पडली होती. मी रोज ती उघडत होतो आणि मिटत होतो.

ती खोली वाचवू शकेल असं एकच माणूस मला दिसत होतं. हेमांगी, माझी जुनी विद्यार्थिनी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. सध्या अंधेरीच्या एका महाविद्यालयात शिकवते. माझ्या विभागात जागेची जाहिरात निघाली होती. निवड समितीवर मी बसणार नव्हतो, पण हेमांगीने अर्ज केला तर तिच्या तोडीचं दुसरं कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. ती आली असती तर ती प्रयोगशाळा तिनेच चालवली असती. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

"सर, हे असं फोनवर नाही सांगता येत," ती म्हणाली. "घरी या ना. आई बोंबील करेल, मग बोलू."

"वा! बोंबील म्हणजे माझा जीव की प्राण," मी म्हणालो.

हे साफ खोटं होतं.

त्याचं असं झालं. तरुणपणी मी शिकायला मुंबईत होतो. तेव्हा मुकुंद नावाच्या मित्राने मला अंधेरीच्या एका खाणावळीत नेऊन पोटभर तळलेले बोंबील खाऊ घातले. त्याच रात्री मी आजारी पडलो. निघाली कावीळ. कावीळ कुठल्यातरी पाण्यातून आली होती, बोंबलाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. डॉक्टरांनी तसं सांगितलं, मला पटलंही. पण पोटाला नाही पटलं. तेव्हापासून नुसत्या वासानेही मला ढवळून येतं. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर दूध निर्दोष आहे हे माहीत असून फुंकत होतो. उंदराचंही असंच असतं. गोड पाणी पाजलं आणि नंतर त्याला मळमळवलं, की तो गोड पाण्याला पुन्हा तोंड लावत नाही. एकदाच पुरतं. का पुरतं, आणि ते पुसता येतं का, एवढ्या दोन प्रश्नांवर माझी सगळी कारकीर्द उभी आहे. म्हणजे तसं पाहिलं तर बोंबलावरच उभी आहे.

तेव्हा मी शास्त्रीय तयारी केली. इतवारीच्या बाजारातून सुके बोंबील आणले. पहिले काही दिवस नुसता वास घेतला. मग चिमूटभर चटणी, मग कालवण, आणि शेवटी आख्खा तुकडा. बायको हैराण झाली होती. "अहो, लोक विचारून राहिले जी, कुलगुरूंच्या बंगल्यात काय मेलं म्हणून," ती म्हणायची. पण निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून बोंबील भाकरी शांतपणे खाल्ली. सावजीचा रस्सा पचवणाऱ्या माणसाला यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मला मात्र सुवर्णपदक मिळाल्यासारखं झालं होतं.

पार्ले

उतरलो मुकुंदकडेच. तो आता बँकेतून निवृत्त झालाय. पार्ल्यातली त्यांची जुनी दुमजली इमारत पाडून तिथे उंच टॉवर उभा राहिलाय आणि मुकुंद त्यात वरच्या मजल्यावर राहतो. खाली कुणाचं काय चाललंय ते आता दिसत नाही, ही त्याची एकमेव तक्रार.

आमच्या नागपुरात पाहुणा आला की त्याला न विचारता पोहे पुढे येतात, वर तर्री ओतली जाते, आणि नको म्हटलं की आणखी ओतली जाते. पार्ल्यात मुकुंदने आदल्या दिवशीच फोन करून विचारलं होतं, सकाळी चहा घेणार की कॉफी, गोड किती, आणि दूध त्या हिशेबाने ठेवू का. मला आधी हसू आलं. पण सकाळी जो कॉफीचा कप हातात आला तो इतका मनासारखा होता, की मी नागपूरची बाजू घेणं सोडून दिलं.

"तू अजून त्या बोंबलावर राग धरून आहेस?" मुकुंद म्हणाला. "अरे, कावीळ होती ती! मी स्वतः तुला रिक्षात घालून नेलं होतं."

"मला माहीत आहे रे. पोटाला माहीत नाही."

"आणि याच्यावर तुला लोकांनी कुलगुरू केलं? झकास आहे यार तुमचं शास्त्र."

अंधेरीला जाऊन पाहिलं, तर ती खाणावळ होती तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. बाहेर उभं राहून मुकुंदने माझा फोटो काढला. दुकानदाराला वाटलं आम्ही गिऱ्हाईक आहोत. त्याने मला कव्हरं दाखवली, आणि मला नाही म्हणता येत नसल्यामुळे मी एक घेतलं. माझ्या फोनला ते बसत नाही.

वेसावा, पहिला दिवस

मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावरून रिक्षाने कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरलो. पुढे गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून टोपली आली तर माणसाने कुणाच्यातरी ओट्यावर चढायचं. मी असे तीन-चार ओटे चढलो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारलं, "कोन पायजे?" आणि हेमांगीचं नाव घेताच, "अगं, बयकरं पावना आयलाय!" अशी आरोळी माझ्यापुढे धावत गेली. मी पोचलो तेव्हा अख्खी आळी दारात उभी होती. कुलगुरू म्हणून माझ्यासाठी लोक उभे राहतात, पण ते नाइलाजाने. इथे खरंच कुतूहल होतं.

घरापलीकडे लगेच किनारा. बांबूंच्या मांडण्यांवर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. उन्हात चांदीसारखे चमकत होते. दिसायला फार सुंदर दृश्य आहे, कुणीही बघावं. पण वारा माझ्याकडे होता. त्या वाऱ्यात समुद्र होता, डिझेल होतं, आणि सगळ्यांच्या वर तो होता. माझ्या पोटात कुणीतरी हळूच बोट फिरवलं. मी मनाशी म्हटलं, घाबरू नकोस, तुझा अभ्यास झालेला आहे.

हेमांगीच्या आईला सगळे बय म्हणतात. हाताच्या कोपरापर्यंत बांगड्या, नाकात मोठी नथ, आणि कमरेला खोचलेला फोन. सकाळी बाजारात मासळी विकते आणि उरलेल्या ऑर्डरी वॉट्सअॅपवर घेते. माझ्याशी बोलता बोलता तिने कुणालातरी दोन पापलेटं विकली.

"बसा सर. पोरीचे गुरू म्हंजे आमचे घरान देव," ती म्हणाली. "पन माझी पोरगी तुमच्याकरं सहा वर्सा व्हती. परत आयली तवा हाताची हारा मोजाला येत व्हती. काय खावाला देतात तुमचे गावान?"

"आई, बस ना!" हेमांगी ओरडली.

पान मांडलं. तांदळाची भाकरी, लाल कालवण, आणि ताटाच्या मधोमध ताजे बोंबील, नुकतेच तव्यावरून उतरलेले, कुरकुरीत. बय समोर मांडी घालून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी घास घेतला.

बाहेरची कुरकुर दाताखाली मोडली आणि आतलं मऊ मऊ जिभेवर विरघळलं. त्याच वेळी खिडकीतून समुद्राचा झोत आला. बस्स. मी एकदम पुन्हा विशीत होतो, अंधेरीत होतो, आणि मला कावीळ होणार होती. डोळ्यांत पाणी आलं, घामाने मान भिजली. मी तोंडावर रुमाल दाबून मोरीकडे पळालो. पळताना पाण्याचा तांब्या लाथेने उडवला, तो बयच्या लुगड्यावर.

परत आलो तेव्हा बय अगदी हिरमुसून बसली होती. "मीठ जास्त झाला काय?" तिने हेमांगीला विचारलं. तो प्रश्न ऐकून मला जी शरम वाटली तिला तोड नाही. बाईचा स्वयंपाक उत्तम होता. मग लपवाछपवीत अर्थ नव्हता, मी सगळं सांगून टाकलं. कावीळ, इतवारी, वास, चटणी, कालवण, सगळं.

हेमांगी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विचित्र भाव यायला लागला.

"सर, एक मिनिट. तुम्ही आजारी पडलात कुठे?"

"इथेच. अंधेरीला."

"आणि ही भीती मोडायचा प्रयोग कुठे केलात?"

"नागपूरला. माझ्या स्वयंपाक..." आणि मी थांबलो.

"सर!" ती जमिनीवर हात आपटून हसायला लागली. "सर, हे तर तुम्ही आम्हाला शिकवलंत! एका पेटीत घाबरलेला उंदीर, दुसऱ्या पेटीत नेऊन धीट केला, आणि परत पहिल्या पेटीत टाकला तर?"

"तर तो पुन्हा घाबरतो," मी म्हणालो.

"का?"

"कारण जुनं पुसलेलं नसतं. वर नवं शिकलेलं असतं, आणि तेही त्या खोलीपुरतंच."

वर्षानुवर्षं हे वाक्य मी फळ्यासमोर उभं राहून म्हटलं आहे. परीक्षेत विचारलं आहे. त्यात नापास केलेली मुलं आज मोठ्या पगारावर आहेत. आणि मी स्वतः नागपूरच्या स्वयंपाकघरात धीट होऊन, छाती काढून, परत पहिल्या पेटीत येऊन पडलो होतो.

"पुराणातली वांगी पुराणात राहिली सर तुमची," हेमांगी डोळे पुसत म्हणाली. "वाट लागली."

बयला काय कळलं, काय नाही, कोण जाणे. पण मीठ बरोबर होतं एवढं तिला कळलं आणि तिचा चेहरा उजळला. "मंग हितंच शिकाला पायजेल ना? उद्या परत या. रोज या."

"माझं उद्याचं तिकीट आहे."

"फारून टाका," बय म्हणाली.

कुलगुरूला असं कुणी सांगत नाही. बरं वाटलं. मी तिकीट बदललं. मुख्य बोलणं अजून झालंच नव्हतं, हे खरं कारण. किल्ली खिशातच होती.

साकीनाका

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर त्या मांडण्यांच्या मध्ये नुसता उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी कालवणात भाकरीचा कोपरा बुडवला. बय रोज समोर बसून माझ्या तोंडाचा बारकाईने अभ्यास करायची आणि शेजारणीला तपशीलवार सांगायची. शेजारीण पुढच्या घराला सांगायची. मी गल्लीतून जाताना लोक विचारू लागले, "सर, आज कवर खाल्ला?"

तिसऱ्या दिवशी दुपारी हेमांगी मला साकीनाक्याला घेऊन गेली. काय आणायचं ते सांगितलं नाही. तिथे एकेका गाळ्यात एकेक कारखाना. एकीकडे पत्रा कापतायत, शेजारी बटणं, त्याच्या वर शाळेची दप्तरं, आणि मधल्या बोळातून टेम्पो उलटा येतोय. आमच्याकडे एवढ्या जागेत माणूस सायकल लावतो. एका गाळ्यातून तिने दोन पेट्या ताब्यात घेतल्या. हातभर लांब, पत्र्याच्या. एकीचा तळ गुळगुळीत, भिंती पांढऱ्या. दुसरीचा तळ जाळीचा, भिंतींवर काळे पट्टे.

मी बघताक्षणी ओळखलं. उंदरांसाठी होत्या. दोन खोल्या.

रस्त्याच्या कडेला कटिंग घेत आम्ही उभे होतो, पेट्या पायांशी. मी म्हणालो, "हेमांगी, अर्ज करतेस ना? शेवटची तारीख जवळ आलीय."

तिने चहा संपवला, ग्लास परत दिला.

"सर, मी नाही येणार."

मी माझाही ग्लास परत दिला.

"नागपूर मला आवडलं होतं. खरंच. पहिलं वर्ष रडले, मग शिकले ना. समुद्र नाही, मासळी नाही, तरी मजेत राहायला शिकले. मला वाटायचं, झालं, सुटले. आणि सुट्टीत घरी आले, बंदरावर पाय ठेवला, की सगळं एका श्वासात परत. प्रत्येक सुट्टीत. मी तुमच्या खोलीपुरतंच शिकले होते सर."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, ते लपवण्यात काय अर्थ आहे? त्या खोलीत माझी तरुण वर्षं आहेत. तिथल्या एका स्टुलावर बसून हीच मुलगी पहाटेपर्यंत आलेख काढायची. तिथे आता कुणा अनोळखी पोरांच्या चुकलेल्या गणितांचे गठ्ठे रचले जाणार होते. आजूबाजूला पत्रा कापण्याचा एवढा आवाज होता, की मी खोकलल्याचं नाटक केलं तेही कुणाला ऐकू गेलं नसेल.

"खोली नको सर," हेमांगी म्हणाली. "प्रश्न द्या."

"कुठला?"

तिने पायाने पेटी पुढे सरकवली. "एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत का पोचत नाही, आणि कसं पोचवायचं. तुम्ही तो अर्धा सोडलात आणि कुलगुरू व्हायला गेलात. कॉलेजने मला जिन्याखालची जागा दिलीय. छोटीशी आहे. पण सगळ्या परवानग्या आल्यात."

मी त्या दोन पेट्यांकडे बघत राहिलो. जाळी नीट बसवली होती, कोपरे घासून गुळगुळीत केले होते, उंदराच्या पायाला लागू नये म्हणून. हे मीच तिला शिकवलं होतं. ते मात्र नागपुरातून इथवर पोचलं होतं.

"मग प्रश्न कधीचाच तुझा झालाय की," मी म्हणालो. "मला काय विचारतेस?"

"विचारायला लागतं ना सर. आणि हो, मदतीला माणूस हवाय. पिंजरे धुवायचे, पाणी बदलायचं. पगार नाही. महिन्यातून आठवडाभर आला तरी चालेल. फक्त हेड मी असणार."

"अर्ज कुणाकडे करायचा?"

"तोंडी चालेल."

तिथेच, टेम्पोच्या हॉर्नमध्ये, मी तोंडी अर्ज केला.

वेसावा, शेवटचा दिवस

चौथ्या दिवशी बयने पुन्हा पान मांडलं. तेच ताट, तीच खिडकी, तोच वारा. या वेळी दारात शेजारीणही होती आणि खिडकीत आणखी दोन चेहरे. मुकुंदलाही बोलावलं होतं. आपण केलेल्या पापाचं क्षालन बघायला तो नवा शर्ट घालून आला होता.

घास घेतला. पोटात ते बोट हललं, पण नुसतंच, ओळखीच्या माणसाने मान हलवावी तसं. मी चावलं. आणि इतक्या वर्षांनी मला बोंबलाची चव कळली. गोडसर आहे हो! कुणी सांगितलंच नव्हतं. मी दुसरा उचलला. बयने तिसरा वाढला. मग शेजारणीने एकदम आनंदाने आरोळी ठोकली आणि ती गल्लीभर गेली. पदवीदान समारंभात मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण अशी दाद मला कधी मिळालेली नाही.

"जूनान येनार ना?" बयने विचारलं. "जेवाचा आमचे घरानच. त्या कालेजान काय मिलतं!"

निघताना तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मोठं पुडकं माझ्या बॅगेत कोंबलं. सुके बोंबील, माझ्या बायकोसाठी. मी घरी काय सांगू, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

परत

दुपारच्या गाडीत, वातानुकूलित डब्यात बसलो. कसारा घाट मागे पडेपर्यंत सगळं शांत होतं. मी खिशातली किल्ली काढून हातात घेतली. घरी पोचलो की त्या फायलीवर सही करायची आणि किल्ली परीक्षा विभागाला द्यायची, हे ठरवून टाकलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

मग संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला डब्यात कुजबूज सुरू झाली. खिडक्या बंद, हवा तीच तीच फिरतेय. आधी एकाने बूट तपासले. मग कुणीतरी अटेंडंटला बोलावलं. तो वाकून वाकून बाकांखाली हुंगत आला, आणि माझी बॅग त्याने बाहेर ओढली. समोरच्या बाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. तो चेहरा मी ओळखत होतो.

"कोणाचं आहे हे?" अटेंडंटने विचारलं.

सगळा डबा एकमेकांकडे बघत होता. गप्प बसलो असतो तर कुणाला संशय आला नसता. कोट घातलेला, पांढऱ्या केसांचा माणूस मी.

"माझं," मी उठून म्हणालो.

बॅग उचलून मी दाराजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली, वर माझी शाल घट्ट गुंडाळली. शालींचा काही तरी उपयोग झाला. परत आलो, त्या बाईंना हात जोडून माफी मागितली. आणि मग राहवेना.

"एक विचारू?" मी म्हणालो. "याचा त्रास तुम्हाला पहिल्यांदा झाला तो कुठे, आठवतं?"

त्यांनी पदर थोडा खाली केला. माझ्याकडे नीट बघितलं. मग पाय जवळ घेऊन समोरची जागा दाखवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "मोठी गोष्ट आहे."